खोक्यावरच्या ‘ओसी’चं किती मोजायचं?

नवीन ग्राफिक्स कार्ड शोधायला बसलं की थोड्याच वेळात डोकं चक्रावतं. चिप तीच, मेमरी तेवढीच, नावही जवळपास सारखं; पण एका खोक्यावर ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक्ड, म्हणजे कारखान्यातच वेग वाढवलेलं) ही अक्षरं जास्त आणि किंमतही चढी. ओळखीतला एक जण म्हणतो, साधं घे, ओव्हरक्लॉक घरीच फुकटात होतं. दुसरा तितक्याच ठामपणे बजावतो, स्वतः हात लावलास तर कार्ड गेलंच समज. दोघंही अर्धवट सांगत असतात.

आकड्यांनीच सुरुवात करू. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाचा मूळ बूस्ट क्लॉक, म्हणजे कामाच्या भरात चिप गाठते तो छापील वेग, २५२० मेगाहर्ट्झ. त्याच चिपवर असूसनं काढलेल्या आरओजी स्ट्रिक्स ओसी कार्डाचा २६१०. फरक ९० मेगाहर्ट्झचा, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हे ९० मेगाहर्ट्झ पैसे मोजून घेण्यासारखे आहेत का? माझ्या मते मुळीच नाहीत. पण ते कार्ड घेण्यासारखं असू शकतं, आणि त्याची कारणं वेगळी आहेत.

## क्लॉक म्हणजे काय आणि तो कुठे अडतो

ग्राफिक्स चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ते सगळे एका ठोक्यावर काम करतात, आणि या ठोक्यांच्या वेगाला क्लॉक म्हणतात. २५२० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २५२ कोटी ठोके. एक ठोका पडल्यापासून पुढचा पडेपर्यंत चिपमधल्या प्रत्येक संकेतानं आपलं अंतर कापलेलं असलं पाहिजे. एखादा मागे राहिला तर चुकीचं उत्तर पुढे सरकतं आणि पडद्यावर त्याचे परिणाम दिसतात: रंगीत ठिपके, फाटलेल्या आकृत्या, नाहीतर गेम सरळ बंद.

डोंगर चढणारा गट डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांनी बरोबरच राहायचं ठरलं असेल तर गटाचा वेग हा सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो. चिपमध्ये तेच होतं. हजारो वाटांपैकी जी सर्वांत मंद, ती क्लॉकची मर्यादा ठरवते. आणि हाच न्याय चिपच्या बाहेरही लागू पडतो. एकाच साच्यातून निघालेल्या चिपा हुबेहूब सारख्या नसतात. कुणी थोडी सरस, कुणी जेमतेम. कंपनीला मात्र सगळ्या कार्डांवर एकच आकडा छापायचा असतो. मग तो जेमतेम चिपेलाही झेपेल असा ठेवावा लागतो. सरस चिपेची उरलेली ताकद पडूनच राहते. ती वापरात आणणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

संकेत लवकर पोचावेत म्हणून व्होल्टेज वाढवता येतं, पण त्याची किंमत जबर असते. चिपेला लागणारी वीज ढोबळमानानं क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. क्लॉक पाच टक्के वाढवायला व्होल्टेजही पाच टक्के चढवलं, तर वीज पंधरा-सोळा टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊन बाहेर येते. हे गणित लक्षात ठेवा, पुढे ते उलट दिशेनंही कामाला येणार आहे.

## कारखान्यात नेमकं काय करतात

एनव्हिडिया आणि एएमडी चिपेचा आराखडा करतात. असूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्यासारख्या कंपन्या ती चिप विकत घेऊन आपापल्या बोर्डावर बसवतात, वर आपला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) आणि फॅन लावतात. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डावरच साठवलेल्या मूळ प्रणालीत, क्लॉकचा आकडा लिहिलेला असतो. ‘फॅक्टरी ओव्हरक्लॉक’ म्हणजे या जागी लिहिलेला थोडा मोठा आकडा. बस्स, एवढंच. त्या आकड्याला पेलेल असं बाकीचं कार्ड बनवणं हे खरं काम, आणि त्याकडे आपण येऊच.

कधी कधी चिपा निवडूनही घेतल्या जातात. २०१८ मध्ये आलेल्या आरटीएक्स २०८० टीआय, २०८० आणि २०७० या कार्डांत तर एनव्हिडियानं चिपेचे उघड दोन प्रकार ठेवले होते. ज्या चिपेच्या क्रमांकाशेवटी ‘ए’ अक्षर, तिच्यावरच कंपन्यांनी फॅक्टरी ओव्हरक्लॉक केलेली कार्डं काढायची. बिगर-‘ए’ चिपा मूळ क्लॉकच्या स्वस्त कार्डांसाठी. या बिगर-‘ए’ कार्डांची पॉवर लिमिटही, म्हणजे वीज ओढण्याची कमाल मर्यादाही, खाली बांधलेली असायची. म्हणजे स्वस्तातलं घेऊन घरी ताणू, असा हिशेब करणाऱ्याची वाट आधीच अडवलेली. पुढच्या वर्षी हा भेद गुंडाळण्यात आला.

एके काळी खोक्यावरच्या आकड्याला वजन होतं, हेही मान्य केलं पाहिजे. २०१० च्या जीटीएक्स ४६० चा मूळ क्लॉक ६७५ मेगाहर्ट्झ होता, आणि ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं तेच कार्ड कारखान्यातून ८५० वर नेऊन विकलं. पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढ! तेव्हा पडून राहिलेली ताकद खरंच खूप होती.

## मग ती ताकद गेली कुठे?

ती आता कार्ड स्वतःच वापरून टाकतं. मार्च २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० आलं आणि त्याच्यासोबत जीपीयू बूस्ट नावाची सोय आली. तोवर क्लॉक म्हणजे एक ठरलेला आकडा असायचा. बूस्टमध्ये कार्ड क्षणोक्षणी तीन गोष्टी पाहतं: किती वीज ओढली जातेय, चिप किती तापलीय आणि व्होल्टेजला अजून किती वाव आहे. तिन्हीकडे जागा असली की क्लॉक आपोआप वर, एकीकडे जरी अडलं की खाली. अलीकडच्या एनव्हिडिया कार्डांत ही चढउतार १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी होते. गेम चालू असताना कोपऱ्यात क्लॉकचा आकडा लावून बसलात तर कार्ड गरम होत जाईल तसा तो एकेक पायरी उतरताना दिसतो.

परिणाम असा की खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष वेग यांचं नातं सैल झालं. आरटीएक्स ३०८० चा छापील बूस्ट क्लॉक १७१० मेगाहर्ट्झ, पण नीट थंड राहिलेलं साधं कार्डसुद्धा गेममध्ये १८०० च्या वर धावतं. म्हणजे कोणीही काही न करता कार्ड छापील आकड्याच्या पाच टक्के पुढे असतं. त्यावर कारखान्यानं दोन-तीन टक्के चढवले म्हणून खेळणाऱ्याला काय कळणार?

प्रोसेसरच्या बाबतीतही हेच झालं. तपासून, पारखून निवडलेले प्रोसेसर विकणारी सिलिकॉन लॉटरी नावाची एक अमेरिकी कंपनी होती. २०२१ मध्ये तिनं गाशा गुंडाळला. ओव्हरक्लॉकिंगला उरलेली जागाच दरवर्षी आक्रसत चालली होती.

या छोट्या आकड्यांवर कंपन्या किती अवलंबून असतात याचा एक मासला २०१६ चा. परीक्षकांकडे पाठवलेल्या एमएसआय आणि असूसच्या काही कार्डांत ‘ओसी मोड’ आधीच चालू होता. दुकानातून घेतलेल्या त्याच कार्डात तो सॉफ्टवेअर टाकून स्वतः चालू करावा लागत होता. एमएसआयच्या जीटीएक्स १०८० गेमिंग एक्स कार्डात हा फरक होता २५ मेगाहर्ट्झचा, १८२२ विरुद्ध १८४७. दीड टक्कासुद्धा नाही. पण तुलनेच्या आलेखात एक पट्टी दुसरीच्या वर चढायला तेवढं पुरतं, आणि ते आलेख पाहूनच आपण खरेदी करतो.

## तर मग जास्तीचे पैसे कशाचे?

हीटसिंकचे, फॅनचे, बोर्डावरच्या वीजपुरवठ्याच्या भागांचे आणि पॉवर लिमिटचे. यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

पॉवर लिमिट म्हणजे कार्डानं जास्तीत जास्त किती वॅट ओढायचे याची बायोसमध्ये लिहिलेली कमाल मर्यादा. आरटीएक्स ३०८० ची मूळ मर्यादा ३२० वॅट. एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डात ती ११५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० वॅटपर्यंत सरकवता येत होती. असूसच्या स्ट्रिक्समध्ये ४५० पर्यंत. आणि स्वस्तातल्या काही कार्डांत स्लायडर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली ही मर्यादा सरकवायची पट्टी, १०० च्या पुढे हलतच नाही. अशा कार्डात तुम्ही क्लॉक कितीही वाढवायला सांगा, अवघड दृश्य आलं की कार्ड विजेच्या मर्यादेला टेकतं आणि क्लॉक पुन्हा खाली. आकडा वाढलेला दिसतो, फ्रेम, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं, तेवढ्याच राहतात.

हीटसिंकचा फायदा मात्र रोजचा. मोठा हीटसिंक असला की फॅन हळू फिरून भागतं, आवाज कमी येतो, आणि चिप थंड राहिल्यानं बूस्टच्या एक-दोन पायऱ्या कायमच्या पदरात पडतात. बऱ्याच महागड्या कार्डांवर दोन बायोस असतात आणि त्यांच्यात बदल करायला एक बारीकसा खटका: एक बाजू वेगाची, दुसरी शांततेची. एका बायोसचं काही बिघडलं तरी दुसऱ्यावर कार्ड सुरू होतं, हा वरचा फायदा. मला विचाराल तर ‘ओसी’ या अक्षरांपेक्षा या खटक्याला किंमत आहे.

उलट बाजूही पाहा. काही कंपन्या अगदी तोच बोर्ड, तोच हीटसिंक ठेवून फक्त बायोसमधला आकडा ३० मेगाहर्ट्झनं वाढवतात आणि वेगळ्या नावानं विकतात. दोन कार्डांची लांबी, वजन, फॅन, वीज जोडणीचे पिन, सगळं सारखं असेल तर समजा की फरक फक्त आकड्याचा आहे. त्यासाठी एक पैसाही जास्त देऊ नये.

## घरी करायचं तर नेमकं काय करतात

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी सर्रास वापरलं जातं. नाव एमएसआयचं असलं तरी ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. एएमडीच्या कार्डांना तर बाहेरचं काही लागतच नाही, ड्रायव्हरसोबत (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) येणाऱ्या अ‍ॅड्रेनालिनमध्येच सगळे स्लायडर आहेत.

आधी पॉवर लिमिट जिथवर जाते तिथवर न्यायची. एवढ्यानंच अनेकदा निम्मं काम होतं, कारण कार्ड विजेपायीच अडलेलं असतं. मग कोअर क्लॉक, म्हणजे चिपेचा क्लॉक, थोडाथोडा वाढवायचा, १५ किंवा ३० च्या टप्प्यांनी, आणि प्रत्येक टप्प्यावर काहीतरी जड चालवून पाहायचं. कुठेतरी गेम बंद पडेल किंवा ड्रायव्हर कोसळून स्क्रीन क्षणभर काळी होईल. तिथून दोन-तीन टप्पे मागे या. टोकाच्या एक पाऊल अलीकडे थांबणाऱ्यांना पुढे उन्हाळ्यात खोली तापली की तोच त्रास पुन्हा होतो.

बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायचा चाचणी-प्रोग्रॅम, तासभर चालला म्हणजे जमलं, असं समजू नका. बेंचमार्क चिपेचे ठरावीक भाग राबवतो. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याची पद्धत) असलेला गेम वेगळेच भाग कामाला लावतो, आणि कालपर्यंत पक्की वाटणारी सेटिंग दहा मिनिटांत उताणी पडते. तुम्ही जे खेळता त्याच्यावरच तपासा.

मेमरीचं प्रकरण जास्त फसवं आहे. पूर्वी मेमरी जास्त ताणली की पडद्यावर ठिपके यायचे, लगेच कळायचं. आरटीएक्स ३०८० पासून काही कार्डांत आलेली जीडीडीआर६एक्स मेमरी माहिती पाठवताना झालेली चूक ओळखते आणि ती माहिती पुन्हा मागवते. त्यामुळे गेम बंद पडत नाही, ठिपकेही दिसत नाहीत. पुन्हा पुन्हा मागवण्यात वेळ जातो आणि वेग गुपचूप घटतो. माणूस मात्र मेमरी एवढी वाढवली तरी कार्ड टिकलं म्हणून खूश. म्हणून मेमरी वाढवताना दर टप्प्याला फ्रेमचा आकडा लिहून ठेवा. तो वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा.

आणखी एक गोंधळ. स्लायडरवरचा ‘अधिक १५०’ हा आकडा त्या कार्डाच्या स्वतःच्या मूळ क्लॉकवर धरलेला असतो. साध्या कार्डावरचे अधिक १५० आणि कारखान्यातूनच ९० जास्त घेऊन आलेल्या कार्डावरचे अधिक ६० हे एकाच ठिकाणी पोचतात. “तुझं कितीवर चालतं?” ही तुलना म्हणूनच पोकळ आहे. फॅक्टरी ओसी कार्ड आणखी फार चढत नाही अशी तक्रार करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की त्यातला थोडा चढ त्यांना विकत दिलेला आहे.

## एवढं करून मिळतं काय?

आजच्या कार्डांत सगळं नीट जमलं तर साधारण पाच ते आठ टक्के. ६० फ्रेमच्या जागी ६४. एका फ्रेमला लागणारा वेळ १६.७ मिलिसेकंदांवरून १५.६ वर. डोळ्याला हा फरक कळणं कठीण. शिवाय अडचण प्रोसेसरची असेल, म्हणजे ग्राफिक्स कार्ड आधीच हात बांधून बसलेलं असेल, तर हे पाच टक्केही मिळत नाहीत.

म्हणून आजच्या काळात घरचं ओव्हरक्लॉकिंग हा मुख्यतः हौसेचा भाग आहे, असं मी म्हणेन. हौस वाईट नाही. कार्ड कुठे अडतं, कशानं अडतं हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही परीक्षणातून कळत नाही. फक्त त्यामुळे नवीन कार्ड घेणं लांबणीवर पडेल अशी आशा ठेवू नये.

## ‘पण कंपनीचं ओव्हरक्लॉक तपासलेलं असतं ना?’

असतं, आणि फॅक्टरी ओसीच्या बाजूचा हा सगळ्यांत दमदार मुद्दा. छापलेल्या क्लॉकवर कार्ड चाललं पाहिजे ही जबाबदारी कंपनीची. नाही चाललं तर ते दोषी कार्ड ठरतं आणि वॉरंटीत बदलून मागता येतं. घरी लावलेल्या सेटिंगवर गेम पडला तर ती जबाबदारी सर्वस्वी तुमची.

पण तपासलेलं म्हणजे अचूक, असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० विक्रीला आलं आणि काही दिवसांतच गेम मध्येच बंद पडून थेट डेस्कटॉप दिसत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. बूस्टच्या भरात क्लॉक २००० मेगाहर्ट्झच्या आसपास गेला की हे व्हायचं. चिपेच्या पाठीमागे वीज स्थिर ठेवण्यासाठी लावलेल्या कपॅसिटरांवर संशय गेला. ईव्हीजीएनं तर जाहीरच केलं की एकाच प्रकारचे सहा मोठे कपॅसिटर असलेली आपली रचना अंतिम तपासणीत उतरली नाही, म्हणून ती बदलून मगच कार्डं पाठवली. महिना संपायच्या आत एनव्हिडियानं ४५६.५५ क्रमांकाचा ड्रायव्हर दिला आणि बहुतेकांचा त्रास थांबला. काठावर उभं असलेलं कार्ड कोणत्याही नावाचं असो, थोड्या धक्क्यानं घसरतं. तुमचं फॅक्टरी ओसी कार्ड एखाद्याच गेममध्ये वारंवार पडत असेल, तर क्लॉक ५० मेगाहर्ट्झनं कमी करून पाहा. त्रास थांबला तर दोष कुठे आहे ते कळलं, आणि वॉरंटीत द्यायला ठोस कारणही मिळालं.

## ‘कार्ड जळलं तर?’

सॉफ्टवेअरमधल्या स्लायडरनं कार्ड जाळणं आज जवळपास अशक्य आहे. व्होल्टेज, वीज आणि तापमान या तिन्हींच्या कमाल मर्यादा बायोसमध्ये बांधलेल्या असतात आणि स्लायडर त्यांच्या आतच फिरतो. क्लॉक झेपला नाही तर गेम बंद पडतो, फार तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. नुकसान होतं ते न जतन केलेल्या कामाचं.

धोका सुरू होतो त्याच्या पुढे. दुसऱ्याच कार्डाचा बायोस आपल्या कार्डात भरणं, किंवा वीज मोजणाऱ्या भागांत सोल्डरिंगचा डाग देऊन कार्डाला कमी वीज ओढली जातेय असं भासवणं, हे उद्योग मर्यादा मोडायलाच केलेले असतात. तिथे मग बोर्डाचे भाग खरोखर जळू शकतात आणि वॉरंटीही हातची जाते. सतत जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांनी चिपेतल्या अतिसूक्ष्म तारांची झीज होते, हेही खरं.

स्लायडरच्या बाबतीत वॉरंटीची अट मात्र कंपनीगणिक वेगळी. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सेटिंग उघडतानाच इशारा येतो, तो न वाचता ‘मान्य’ दाबायची सवय इथे तरी बाजूला ठेवा.

## उलटी वाट

सुरुवातीचं गणित आठवा: वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. मग व्होल्टेज कमी केलं तर? समजा कार्ड १.०५ व्होल्टवर चालतंय आणि तुमची चिप सरस असल्यानं तोच क्लॉक तिला ०.९ व्होल्टवरही पेलतो. वर्गाचा हिशेब करा, चिपेची वीज पाव भागाहून जास्त उतरते. वेग तोच, उष्णता कमी, फॅन शांत. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबलं की व्होल्टेज-क्लॉकचा आलेख उघडतो. त्यात एक बिंदू निवडून तो हव्या त्या क्लॉकवर उचलायचा आणि त्याच्या उजवीकडचा सगळा आलेख सपाट करायचा. चाचण्या मघाच्याच.

यातली गंमत अशी की विजेच्या मर्यादेला टेकणाऱ्या स्वस्त कार्डात अंडरव्होल्टिंगनं वेग वाढतोसुद्धा. तेवढ्याच वॅटमध्ये जास्त क्लॉक बसतो. कारखाना हे स्वतःहून करत नाही, कारण गटातल्या सर्वांत मंद चिपेलाही तो आकडा झेपला पाहिजे. तुम्हाला मात्र तुमच्या एकाच चिपेचा विचार करायचा असतो. घरी करण्याचा कारखान्यापेक्षा सरस ठरणारा प्रकार हा एवढाच.

## घ्यायचं कोणतं?

सेटिंगच्या वाटेला जायचंच नसेल तर चांगल्या हीटसिंकचं कार्ड घ्या. ते बहुतेक वेळा ‘ओसी’ नावानंच मिळेल, आणि हरकत नाही. परीक्षणात मोजलेलं तापमान, मोजलेला आवाज आणि पॉवर लिमिट बघा, क्लॉकच्या रकान्यावरून नजर पुढे सरकवा. थोडी खटपट करायची तयारी असेल तर मूळ किमतीचं साधं कार्ड घेऊन अंडरव्होल्ट करणं सगळ्यांत शहाणपणाचं. फक्त दोन फॅनचं, आखूड, तापट कार्ड टाळा. जो उणेपणा धातूचा आहे तो स्लायडरनं भरून निघत नाही.

आणि फॅक्टरी ओसी कार्डाची वरची किंमत त्याच मालिकेतल्या पुढच्या चिपेच्या किमतीला भिडत असेल, तर सरळ पुढची चिप घ्या. आरटीएक्स ४०७० मध्ये ५८८८ कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे भाग, आहेत, ४०७० सुपरमध्ये ७१६८. हे बावीस टक्के जास्तीचे कोअर कोणत्याही बायोसमध्ये आकडा लिहून येत नाहीत.